जाड अक्षरांतलं नाव

ताई, तुमचं रक्षाविसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी मी डबा भरत होते. ओट्यावर ठेवलेल्या फोनमध्ये आपल्या भट्टीकट्ट्याच्या वेबसाइटचं पान उघडं होतं आणि तिथं तुमच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला.

हिरवा ठिपका म्हणजे माणूस आत्ता कट्ट्यावर हजर आहे. मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, ताई आल्या. सांगलीकडच्या त्या माणसानं वाळूबद्दल विचारलेलं तसंच पडून आहे, आता त्याला उत्तर मिळेल. खाली दूधवाला हॉर्न वाजवत होता आणि तो आवाज फार लांबून, पाण्यातून आल्यासारखा येत होता. मग ठिपका विझला आणि मला आठवलं, की तुम्ही नाही.

दुपारी कळंब्याला तुमच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, फोडणीच्या डब्याशेजारी तुमचा कॉम्प्युटर सुरू होता, पडद्यावर तुमच्या नावानं कट्टा आपोआप उघडला होता आणि काका समोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना त्यातलं काही येत नाही, हे तुम्हीच मला हसून सांगायचात. तुमचा नवरा अख्खी फाउंड्री चालवतो, पण माऊसला हात लावत नाही.

"काका, बंद करू का मशीन?"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "च्याच्या आधी ती हे बटण दाबायची. मग मीबी दाबतोय. आत पंखा फिरतोय न्हवं, त्याचा आवाज येतोय. कोणतरी हाय असं वाटतंय."

मी त्यांच्याशेजारी बसले. आम्ही दोघंही तो आवाज ऐकत राहिलो.

ताई, भट्टीकट्टा म्हणजे काय, हे मी आजवर कुणाला नीट समजावून सांगू शकले नाही. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या माणसांची वेबसाइट, तीही मराठीत, आणि तिच्यावर काय, तर बिघडलेल्या कास्टिंगचे, ओतलेल्या मालाचे फोटो. लोक म्हणतात, चांगल्या मालाचे का नाही टाकत? त्यांना कसं सांगायचं, की या गावात बिघडलेला माल दिसतच नाही. फोडायचा, परत भट्टीत टाकायचा, वितळला की संपलं. शेजारच्या शेडमधल्या माणसालाही पत्ता लागत नाही आणि महिन्याभरात तोच माणूस तीच चूक करतो. तुम्ही लॅबमध्ये वाळू तपासायला बसायचात तेव्हा हे रोज बघत होतात. एकदा एका मालकाला तुम्ही म्हणालात, "माल वितळवा की. चूक कशाला वितळवताय?" कट्टा त्यातूनच निघाला असावा, असं मला वाटतं. तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

आणि मग तुमचा तो नियम. कट्ट्यावर यायचं असेल तर पहिली पोस्ट आपल्या हातून बिघडलेल्या कास्टिंगची. मोठा कारखानदार असो की कॉलेजचा पोरगा, आधी आपलं बिघडलेलं दाखवायचं, मग दुसऱ्याला विचारायचं.

मी आले तेव्हा माझ्याजवळ बिघडलेलं काहीच नव्हतं, कारण मी काही ओतलंच नव्हतं. शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीतून इंजिनिअरिंगला आलेली मी पहिली. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. मी शब्द पाठ करायची आणि ते माझ्या आत खडे पडल्यासारखे पडून राहायचे. डिक्शनरी घेऊन मी तुम्हाला इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न लिहिला. तुमचं उत्तर आलं, "पोरी, इंग्रजीत तू प्रश्नाच्या भोवतीनं फिरालीस. मराठीत लिही. आणि आधी काहीतरी ओतून बिघडव, मग ये."

मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा एक साधा तुकडा ओतला. धातू ओतेपर्यंत थंडावला होता, दोन बाजूंनी आला, मधे भेटला, पण एकजीव झाला नाही. भेटीच्या जागी केसासारखी रेघ राहिली. सरांनी तो टेबलाच्या कडेला सारला. मी गुपचूप फोटो काढून कट्ट्यावर टाकला. खाली तुम्ही लिहिलं, "छान बिघडवलंस. आत ये."

ताई, मला आजवर खूप जणांनी शाबासकी दिली. पहिली आल्याबद्दल दिली, नोकरी लागली तेव्हा दिली. पण "आत ये" असं फक्त तुम्ही म्हणालात.

माझ्या पदवीच्या दिवशी आबा एसटीनं आले होते. नवीन टोपी, हातात पिशवी. तुम्ही भेटलात तेव्हा त्यांनी तुम्हाला हळूच बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पोरगी नेमकं काय शिकली ओ? गावात इचारत्यात, मला सांगता येत न्हाय." तुम्ही म्हणालात, "चिखलणीला रानात पाणी किती ठिवायचं ते बघता न्हवं तुम्ही? जास्त झालं तर रोप हलतंय, कमी झालं तर बसत न्हाय. ती वाळूत पाणी किती ते बघती." आबांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी त्यांच्या ओळखीची झाले होते. ते अजून गावात तसंच सांगतात. तुम्ही गेल्याचं कळवलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "माझ्या लेकीचं शिकाण मला सांगणारी बाई गेली."

पण ताई, मला तुमच्याशी आज बोलायचंय ते ज्योतिरामबद्दल. आपलं ते भांडण मधेच राहिलंय.

ज्योतिरामनं कधीकाळी टाकलेली ती पोस्ट कट्ट्यावर कोण विसरेल? नवी फाउंड्री, पहिलीच मोठी ऑर्डर, पंपाच्या बॉडीची. वडील नुकतेच वारलेले. त्यानं पॅटर्नवर, म्हणजे ज्या लाकडी नमुन्यावरून साचा काढतात त्यावर, वडिलांचं नाव बसवलं. हरिबा. आणि नाव लांबून दिसावं म्हणून अक्षरं चांगली जाड केली. झालं काय, अक्षरांच्या जागी लोखंड जास्त साठलं. बाकीची भिंत आधी थंड झाली, अक्षरं मागाहून, आणि त्यांच्या पोटात बारीक पोकळ्या राहिल्या. पंपात पाणी भरून दाब दिला की बाकी सगळं कोरडं आणि बरोबर नावाखालून पाणी पाझरायचं. फोटोत ते दिसतं. हरिबा, आणि प्रत्येक अक्षराखाली एकेक थेंब लोंबणारा. तुम्ही मला पहिल्यांदा तो दाखवलात तेव्हा मला तो बिघडलेल्या मालाचा फोटो वाटलाच नव्हता. बाप वारल्यावर कुणीतरी उभं राहून रडावं, तसं काहीतरी वाटलं होतं.

नव्या माणसाला आपण सगळ्यात आधी तीच पोस्ट वाचायला सांगायचो.

दिवाळीनंतर ज्योतिराम माझ्याकडं आला. कट्ट्याची तांत्रिक बाजू मी सांभाळते म्हणून आधी माझ्याकडं. बाहेरगावची एक मोठी पार्टी त्याच्याकडून माल घेणार होती. बोलणं पक्कं होत आलं होतं. त्याच्या मालावर अजून असतं ते हरिबा नाव त्यांच्यातल्या कुणीतरी इंटरनेटवर शोधलं आणि पहिलाच तो फोटो निघाला.

"मॅडम, त्यांनी मला काय इचारलं म्हाईत हाय? ह्ये तुमचंच का म्हणून. मी व्हय म्हटलं. खोटं कशाला बोलू? तवापास्नं त्यांचा फोन न्हाय."

"तुम्ही सांगितलं नाही, ते जुनं आहे म्हणून?"

"सांगितलं की. पर डोळ्याम्होरं पाणी गळालंय, तिथं माझं कोण ऐकणार? महिनाअखेरीला त्यांची माणसं फाउंड्री बघायला येत्यात, आली तर. तेवढं काढून टाका. तुमच्या पाया पडतो."

तुमचा दुसरा नियम होता, की कट्ट्यावरचं काहीही काढायचं तर आपल्या दोघींचा होकार लागेल. म्हणून मी त्या संध्याकाळी कळंब्याला आले. आपण तळ्याच्या बांधावरून चालत होतो. पाण्यावर धुकं उतरायला लागलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि तुम्ही शालीत हात गुंडाळून माझ्यापेक्षा भरभर चालत होतात.

"काढायचं न्हाय," तुम्ही म्हणालात.

"ताई, त्याच्या पोटावर येतंय."

"मला कळत न्हाय व्हय ते? पर उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. मग कोण दाखवंल आपलं बिघडलेलं? सगळी परत फोडून भट्टीत टाकतील."

"मग नावापुरता भाग कापूया फोटोतला."

तुम्ही थांबलात. "नावातच चूक हाय, वनिता. नाव कापलं तर राहतंय काय?"

ते खरंच होतं. मग तुम्ही जरा मऊ झालात. "त्याला म्हणावं, पार्टीला सांग की खाली वाच. नाव बारीक केलं, गळती थांबली, ते सगळं त्यानं खालीच लिहिलंय. एवढा खरं बोलणारा माणूस त्यांना मिळंल कुठं?"

"पार्टी खालपर्यंत वाचत नाही, ताई."

"मग वाचायला लावायचं."

"तुम्ही लावाल. तो कसा लावेल?"

तुम्ही शाल ओढून घेऊन घराकडं वळलात. धुक्यातून कुठूनतरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. घराजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "ये रविवारी. बोलू." तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. आपलं भांडण कधी घराच्या आत यायचं नाही, ते बांधावरच राहायचं.

रविवार आला तेव्हा तुमच्या अंगणात माणसं बसली होती.

रक्षाविसर्जनाला ज्योतिरामही होता. घाटावर काकांच्या पाठीशी उभा राहिला, परत येताना गाडीत माझ्याशेजारी बसला. ऊसतोडीचं बोलला, रस्त्याचं बोलला. त्या विषयाचा शब्द काढला नाही. मला ते फार जड गेलं. त्यानं विचारलं असतं तर मी निदान नाही म्हणाले असते.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. कामावर जायची, वाळूचे नमुने तपासायची, परत यायची. कट्ट्यावर लोक तुमच्याबद्दल लिहीत होते. कुणी तुमची जुनी उत्तरं वर काढत होतं आणि पान उघडलं की तुम्ही आत्ताच कुणाला तरी रागावलेल्या असायचात. "वाळू भिजवलीस का बुडवलीस?" "फोटो हलालाय, लेका, हात धर कुणाचा तरी." मी वाचत जायची आणि तुम्ही नाही हे विसरून जायची. एका बाजूला तुम्ही इतक्या हजर, आणि दुसऱ्या बाजूला पोस्ट काढून टाकायचं ते बटण, जे आता मी एकटी दाबू शकत होते. दोघींचा होकार लागतो हा नियम आपल्या बोलण्यात होता, मशीनमध्ये नव्हता. मशीनला मी एकटी पुरेशी होते.

मी दाबलं नाही. तुमच्या भीतीनं नाही. तुमचं म्हणणं मला पटत होतं, आणि ज्योतिरामचंही पटत होतं, आणि मधे मी.

एका पहाटे तुम्ही स्वप्नात आलात. तोच बांध होता, पण दोन्ही बाजूंना पाण्याऐवजी काळी वाळू, वाफा निघणारी. बांधावर ओळीनं कास्टिंग मांडलेली आणि तुम्ही हातोडीनं एकेक वाजवून कान लावत पुढं चालला होतात. चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, आत पोकळ असेल तर बद्द. मी मागून वाकून नावं वाचायचा प्रयत्न करत होते. धुक्यात अक्षरं लागत नव्हती. तुम्ही मागं न बघता म्हणालात, "अक्षरं काय बघतीस? आवाज ऐक." मी जागी झाले तेव्हा खिडकीच्या काचेवर दहिवर होतं आणि मला काय करायचं ते कळलं होतं.

चूक नावात होती. पण हरिबा याच नावात असायला हवी, असं कुठं होतं?

तेराव्यानंतर काकांनी उद्यमनगरातली फाउंड्री परत सुरू केली. पहिल्या दिवशी मी गेले आणि त्यांना सांगितलं, की मला त्यांच्याकडच्या पंपाच्या पॅटर्नवर जाड अक्षरं बसवून एक साचा हवाय. मुद्दाम गळणारा माल निघेल असा.

काका माझ्याकडं बघत राहिले. "एवढ्या दिवसांनी पहिलं मेटल उतरालंय, आणि ते रिजेक्शनला?"

"हो."

"ती असती तर तुला चिमटा घेऊन पळवली असती." ते वळले. भट्टीकडं बघून डोळे चोळले. मग मोल्डरला म्हणाले, "घे रे, एक साचा जादा घे. पावण्यांचा म्हणून घे."

ज्योतिरामला मी बोलावून घेतलं होतं. अक्षरं त्यानंच बसवली. शेडमध्ये तिरपं ऊन येत होतं, त्यात वाळूची धूळ तरंगत होती, आणि लॅडलमधून लोखंड साच्यात उतरताना सगळ्यांचे चेहरे केशरी झाले. तुम्ही दारात उभ्या असल्यासारखं मला सारखं वाटत होतं. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर तुम्ही नसतात.

कास्टिंग थंड झालं, साफ केलं, पाणी भरलं, दाब दिला. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. एक थेंब नाही. भिंत कोरडी, नाव कोरडं.

ज्योतिराम हसायला लागला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. "काय ओ मॅडम? मी एवढ्या मनापास्नं चांगलं करायला गेलतो, तर गळालं. तुम्ही बिघडवायला आला, तर फस्क्लास."

"अक्षरं बारीक बसवलीत तुम्ही."

"तुमचं नाव हाय. हात वळंना."

दुसऱ्या खेपेला काकांनी स्वतः अक्षरं जाड केली. या वेळी आधी काहीच झालं नाही, मग पहिल्या अक्षराखाली काचेवर श्वास सोडावा तसा ओलावा धरला, मग दुसऱ्या, तिसऱ्या. वनिता. प्रत्येकाखाली एकेक थेंब. आमच्या घरी पितळी भांड्यांवर आजोबांचं, चुलत्यांचं, मामाचं नाव आहे, आईचं किंवा माझं कशावरच नाही. लोखंडात घातलेलं माझं पहिलं नाव ते, आणि ते गळत होतं. ताई, मला ते फार सुंदर दिसलं. मी फोटो काढला, हलला, परत काढला.

मग मी बटण दाबलं. हरिबाचा फोटो काढला, त्या जागी माझा ठेवला. ज्योतिरामच्या पोस्टवरून त्याचं नाव काढून माझं घातलं. वडिलांचा उल्लेख तेवढा काढला, बाकी मजकूर तसाच ठेवला, तुमची उत्तरं तशीच ठेवली. आणि कट्ट्याच्या नियमांत एक वाढवला. कुणाला आपली चूक काढून घ्यायची असेल तर काढता येईल, पण आधी दुसऱ्या कुणीतरी तीच चूक स्वतःच्या नावानं ओतून दाखवली पाहिजे.

तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला ऐकू येतं. मुद्दाम केलेली चूक ही चूक न्हवं, वनिता, ते नाटक. असेल. दोघींचा होकार लागतो आणि मी एकीच्या होकारावर केलं. तुमचं मन वळवून करायचं होतं. बांधावर आणखी चार फेऱ्या मारल्या असत्या तर कदाचित वळलंही असतं, किंवा तुम्ही माझं वळवलं असतं. ते भांडण पूर्ण करायला मला आणखी पुष्कळ संध्याकाळी हव्या होत्या. मी तुमच्याशी भांडू शकते एवढी मोठी मला तुम्हीच केलंत, हे तर मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

पार्टीची माणसं ज्योतिरामकडं येऊन गेली. होकार अजून आलेला नाही, नकारही नाही. तो वाट बघतोय.

काल कट्ट्यावर एक नवीन मुलगी आली, डिप्लोमाला आहे, इचलकरंजीकडची. नियमाप्रमाणं तिनं आपलं बिघडलेलं दाखवलं. मग आपण सगळ्यांना पाठवतो तसं तिलाही त्या पोस्टवर पाठवलं. तिनं वाचून खाली विचारलं, "ही वनिता कोण? एवढी जाड अक्षरं का केली तिनं?"

मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात ज्योतिरामचं आलं.

"आमच्या मॅडम हायत. त्यास्नी आपल्या नावाची लई हौस. त्यांच्या ताईंनी किती येळा सांगितलं, बारीक कर म्हणून. ऐकत न्हाईत."

मी ते वाचलं आणि एकटीच हसत बसले, ताई. त्याला रागवायला तुम्ही हव्या होतात. मला तर त्याच्याही आधी.